केडगावची साक्ष

भर रस्त्यात चारजण एखाद्याला मारत असतात आणि चाळीसजण बघत उभे असतात, तेव्हा त्या चाळिसांबद्दलचा आपला निकाल तयार असतो: भेकड. वर्गात एका मुलाची रोज खोड काढली जाते आणि बाकीचे मान खाली घालून वहीत बघतात, तेव्हाही आपण तेच म्हणतो, फक्त जरा सौम्य शब्दांत. बघ्यांनी तोंड उघडावे म्हणून जी व्याख्याने होतात, ती बहुतेक सगळी हिमतीवर येऊन थांबतात. हिंमत हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण हिंमत हे उत्तर मानले की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. बोलून झाल्यावर काय? जिच्यासाठी बोललो ती संध्याकाळी कुठे जाणार, आणि बोलणारा उद्या त्याच गल्लीत कसा राहणार? पुणे जिल्ह्याच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर दौंड तालुक्यातल्या केडगावाशी थांबावे लागते. पुणे–दौंड लोहमार्गावरचे हे गाव आज ऊस, गुऱ्हाळे आणि बेटावरचे नारायण महाराजांचे दत्तमंदिर यांसाठी ओळखले जाते. पण पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळे ते एका वेगळ्याच इतिहासाचे ठिकाण झाले. माणसे गप्प का बसतात याचे कारण त्यांच्या छातीत शोधण्यापेक्षा त्यांच्या पाठीशी काय आहे यात शोधावे, असे हा इतिहास सांगतो.

आधी याच मुलखातला उलटा दाखला घेऊ, म्हणजे बोलणारे बघे नेहमी चांगलेच असतात असा भ्रम राहणार नाही. 1874 च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने कोर्टाचा हुकूमनामा मिळवून बाबासाहेब देशमुखांचे घर घेतले आणि पाडायला काढले. कायदा सावकाराच्या बाजूने होता, पण गावाच्या डोळ्यांसमोर घर पडत होते. गाव एरवी अशा वेळी बघत राहिले असते. या खेपेला राहिले नाही. सावकारांची जमीन कुणी कसायची नाही, त्यांचे पाणी कुणी भरायचे नाही, न्हाव्याने त्यांची हजामत करायची नाही, असे ठरले. बहिष्कार आसपासच्या गावांत पसरला. पाच महिन्यांनी, 12 मे 1875 ला, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे या बाजारपेठेच्या गावी लोकांनी गुजराती सावकारांची घरे-दुकाने फोडली, आणि पुणे-नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत कर्जखतांच्या होळ्या पेटल्या. दख्खनचे दंगे म्हणून हे प्रकरण प्रसिद्ध आहे. दोन्ही जिल्ह्यांत मिळून 951 जणांना धरले, 501 जणांना शिक्षा झाल्या. पुढे चौकशी आयोग बसला आणि 1879 चा शेतकरी कर्जनिवारण कायदा आला.

हे दंगे खतांवर उठले होते, माणसांवर त्या मानाने कमी; हे इतिहासकार आवर्जून सांगतात आणि ते खरे आहे. तरीही करड्याहून सुप्यापर्यंतच्या त्या पाच महिन्यांत एक गोष्ट दिसते. गाव बघ्याची भूमिका सोडून एका माणसाच्या बाजूने उभे राहिले तेव्हा त्याच्या हाती आलेले हत्यार म्हणजे वाळीत टाकणे. हे हत्यार बाहेरच्या जुलमी माणसावर जितके सहज चालते त्याहून सहज ते गावातल्या दुबळ्यावर चालते. आंतरजातीय लग्न केलेले जोडपे, जातपंचायतीचा दंड न भरलेले कुटुंब, पंचांना उलट बोललेली बाई, यांच्यावर ते पिढ्यान्‌पिढ्या चालले, आणि ते थांबवायला महाराष्ट्राला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे नुसती तोंडे उघडली की न्याय होतो असे नाही. जमाव बोलतो तेव्हा त्याचे लक्ष गुन्हेगारावर असते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे पुढे काय, हे तो विचारत नाही. साक्षीदार मात्र त्या माणसाजवळ उभा राहतो. करड्याच्या देशमुखांना डोक्यावर छप्पर कुणी दिले हे त्या दंग्यांच्या सगळ्या गाजलेल्या वर्णनांत शोधून सापडत नाही.

पुण्यात हा दुसरा मार्ग त्याआधीच सुरू झाला होता. 1848 मध्ये मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई फुले शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण-चिखल टाकले गेले, हे मराठी वाचकाला लहानपणापासून माहीत असते. पण ते टाकणारे किती असतील? मूठभर. पेठेतल्या रस्त्यांवर ते बघणारे मात्र रोजचे आणि पुष्कळ असणार, आणि त्यातले बरेचजण मनातून हळहळतही असणार. त्या हळहळीचा सावित्रीबाईंना काडीचा उपयोग नव्हता. उपयोग झाला तो घर सोडावे लागल्यावर या जोडप्याला आपल्या घरी जागा देणाऱ्या गंज पेठेतल्या उस्मान शेखांचा. पुढे काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेने लोकलज्जेपायी नवजात मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या सगळ्या प्रकारात निवाडा देणारे, नावे ठेवणारे, कुजबुजणारे पुष्कळ होते. 1863 मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि विधवांनी इथे येऊन गुपचूप, सुखरूप बाळंत व्हावे अशा जाहिराती शहरात लावल्या. या जाहिरातींकडे जरा थांबून बघायला हवे. निषेधाच्या पत्रकात दोष देणाऱ्याचे नाव वर असते. इथे वर होता पत्ता.

रमाबाई या मार्गावर आल्या त्या मात्र आधी बोलण्याच्या बाजूने. 1858 मध्ये जन्मलेल्या, अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या घरात संस्कृत शिकलेल्या, दुष्काळात आई-वडील आणि बहीण गमावून भावाबरोबर देशभर पायी हिंडलेल्या या बाईंना कलकत्त्याच्या पंडितांनी 1878 मध्ये ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. वैधव्य आल्यावर 1882 मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. बायकांना बायकांनी शिकवावे, बायकांसाठी डॉक्टर बायका असाव्यात, हे त्यांनी आयोगाला तोंडावर सांगितले. 1885 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’ लिहून रमाबाईंची आणि ताराबाई शिंद्यांची बाजू घेतली, तेव्हा रमाबाई ख्रिस्ती होऊन दोन वर्षे झाली होती आणि पुण्यातल्या सुधारकांपैकी बरेचजण त्यांचे नाव घ्यायला कचरत होते. 1889 च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सामाजिक परिषदेत विधवांच्या केशवपनाविरुद्धच्या ठरावावर त्या बोलल्या. केशवपन ही लपूनछपून होणारी गोष्ट नव्हती. घरची माणसे, भटजी, न्हावी, शेजारणी, सगळ्यांच्या देखत दहा-बारा वर्षांच्या पोरीचे केस उतरत. आणि या देखत उभ्या असणाऱ्यांपैकी सगळ्यात आधी हात आवरला तो वस्तरा धरणाऱ्याने: नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी 1890 मध्ये सभा भरवून विधवांचे केस कापायचे नाहीत असे ठरवले. सुधारकांच्या ठरावांइतका गाजावाजा या ठरावाचा झालेला नाही, हे आपल्या इतिहासलेखनाला शोभणारे नाही.

शारदासदन 1890 च्या अखेरीस पुण्यात आले आणि 1893 मध्ये वादळ उठले. सदनात मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते हा आरोप ‘केसरी’ने लावून धरला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, आणि बऱ्याच मुलींना घरच्यांनी काढून नेले. या आरोपात तथ्य नव्हतेच असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. रमाबाईंच्या प्रार्थनेला बसायला मुलींना मज्जाव नव्हता आणि पुढे कित्येकींनी धर्म बदललाही. पण इथे मुद्दा निराळा आहे. सदन सोडून गेलेल्या मुली पुन्हा त्याच घरांत गेल्या जिथून त्या आल्या होत्या. आरोप करणाऱ्यांनी त्यांच्यासाठी दुसरे दार उघडे ठेवले नव्हते. अपवाद एकाचा, आणि तो मोठा आहे. शारदासदनाच्या सुरुवातीच्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये विवाह केला, 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. रमाबाईंच्या धर्मकारणावरचा सगळ्यात सभ्य आणि सगळ्यात परिणामकारक आक्षेप हाच होता: तुमचे दार आम्हाला पटत नाही, म्हणून आम्ही दुसरे बांधतो. ज्यांना केडगाव पटत नाही, त्यांनी हिंगणे काढावे. नाहीतर मुलींचे काय झाले यावर बोलण्याचा अधिकार फार थोडा उरतो.

आता केडगाव. तिथे सुमारे शंभर एकर माळ रमाबाईंनी घेतला होता तो शारदासदनाच्या खर्चाला फळबागेचे उत्पन्न मिळावे म्हणून. 1896 च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि त्या तिकडे निघाल्या. तिथे पाहिलेले त्यांनी 1897 मध्ये लिहून काढले, आणि या लिखाणातला सगळ्यात बोचरा भाग भुकेचा नाही. मदतीच्या कामांवर आणि सरकारी गरीबगृहांत तरण्या मुलींवर टपून बसलेल्या माणसांचा आहे: ज्यांच्या हाती धान्य आणि काम होते, त्यांच्याकडूनच पोरींचे लचके तोडले जात होते, आणि मुली फूस लावून पळवणारेही तिथे मोकळे हिंडत होते. हे सगळे उघड्यावर चालले होते. गरीबगृहाचे कारकून, रांगेतल्या म्हाताऱ्या, स्टेशनवरचे हमाल, सगळ्यांना ते दिसत असणार. ते का बोलले नाहीत? कुणाकडे बोलणार होते? ज्याच्याकडे तक्रार करायची तोच मुकादम. आणि समजा, कुणी एखाद्या पोरीला तिथून ओढून काढलेच, तर तिला खायला कुठे घालायचे? अशा जागी गप्प राहण्याला भेकडपणा म्हणणे हे भरल्या पोटी दिलेले मत आहे. रमाबाईंकडे दोन गोष्टी होत्या ज्या त्या हमालाकडे नव्हत्या: रेल्वेची तिकिटे आणि केडगावचा माळ. काही महिन्यांत त्यांनी तीनेकशे मुली आणल्या. पुण्यात प्लेग होता, त्यामुळे दुष्काळग्रस्त मुलींना शहरात ठेवायला मनाई झाली. मग त्यांना केडगावला तंबूंत आणि घाईने घातलेल्या छपरांखाली ठेवले. फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर विहिरी खणल्या गेल्या, 1898 मध्ये मुक्तिसदनाची पक्की इमारत झाली, आणि 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, छापखाना, दुभती जनावरे, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी वेगळे कृपासदन, असा सगळा पसारा त्या माळावर उभा राहिला.

याच 1897 मध्ये आपल्या युक्तिवादाची कसोटी पाहणारी गोष्ट घडली. रँड यांच्या प्लेग कमिटीचे गोरे सोल्जर पुण्यात घरोघर शिरून रोगी शोधत होते. लोक दारातून बघत होते. रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले. प्लेगच्या इस्पितळात नेलेल्या तरुण मुलींची अब्रू तिथे सुरक्षित नाही आणि आपल्याकडून नेलेल्या एका मुलीच्या बाबतीत हेच घडले, असा त्याचा आशय होता. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी हा मजकूर अत्यंत चुकीचा आणि दिशाभूल करणारा म्हणून झटकून टाकला. त्याच उन्हाळ्यात वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केल्याचे ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले. परत आल्यावर पुरावा उभा राहीना. पत्रे लिहिणारे पुढे यायला तयार नव्हते आणि त्यांची नावे उघडी करणे गोखल्यांना शक्य नव्हते. त्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली, आणि ती माफी त्यांना कित्येक वर्षे पुरली. त्या वर्षीच्या अमरावतीच्या काँग्रेसमध्ये त्यांना बोलूही दिले गेले नाही. गोखल्यांची चेष्टा करणाऱ्यांना तेव्हाही सुचले नाही आणि आजही क्वचित सुचते की माफीचे खरे धनी ते पत्रलेखक होते. त्यांनी पाहिले किंवा ऐकले, पण त्याची जबाबदारी घेतली ती सहा हजार मैलांवरच्या माणसाने. रमाबाईंना तशी माफी मागायची वेळ आली नाही, कारण त्या ऐकीव गोष्ट सांगत नव्हत्या. ज्या मुलीबद्दल लिहिले ती त्यांच्या घरातली होती, आणि पत्राखाली नाव त्यांचे स्वतःचे होते. सरकारने विश्वास ठेवला नाही हे खरे. पण साक्ष खोटी पाडणे आणि साक्ष नाकारणे यांत फरक आहे.

इथे मराठी माणसाच्या मनात दबा धरून बसलेला एक आक्षेप पुढे येतो: ही चहाडीच नव्हे का? शाळेत मास्तरांना जाऊन सांगणाऱ्या पोराला चुगलखोर म्हणतात, आणि हा शिक्का मारामारी करणाऱ्याच्या शिक्क्यापेक्षा जास्त टिकतो. त्याला इतिहासाचाही पाठिंबा आहे. 22 जून 1897 ला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, इनाम जाहीर झाले, द्रविड बंधूंनी खबर दिली आणि 1899 मध्ये त्यांनाही ठार करण्यात आले. पुणेकरांच्या स्मृतीत द्रविड म्हणजे फितूर. मारणाऱ्यांच्या कृत्याची भलामण करायची नाही, पण लोकांच्या मनातली ही भावना उगाच आली असेही नाही. चहाडी वरच्याच्या कानाला लागते आणि त्यात सांगणाऱ्याचा लाभ असतो. साक्ष देणाऱ्याला लाभ नसतो, उलट ओझे येते: रमाबाईंवर दोन हजार तोंडांचे आले. मार खाणाऱ्या मुलाशेजारी दुसऱ्या दिवशी डबा खायला बसणाऱ्या पोराला, त्याने मास्तरांना सांगितले असले तरी, चुगलखोर म्हणणे वर्गाला अवघड जाते. ओझ्यातला स्वतःचा वाटा त्याने उचललेला वर्गाला दिसतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आसरा नसेल तर बोलणे व्यर्थ म्हणता, मग गप्प बसणाऱ्याला आयती सबबच मिळाली की. तसे नाही. 1882 मध्ये रमाबाईंकडेही घर नव्हते. त्या बोलल्या, आणि घर उभे करायला त्यांना सात वर्षे आणि दोन खंडांचा प्रवास लागला. म्हणणे इतकेच की बोलणाऱ्याला एकट्याने सगळे करायला लावणारा समाज नंतर त्याच्या हिमतीबद्दल तक्रार करू शकत नाही. एरवी माणसे आपण समजतो तितकी दगड नसतात. 1964 मध्ये न्यूयॉर्कला किटी जेनोव्हीझ या तरुणीचा खून झाला, 38 जणांनी तो नुसता पाहिला अशी बातमी जगभर गेली आणि ‘बघ्यांच्या मानसशास्त्रा’ची शाखाच त्यातून निघाली, पण पुढे ती बातमी फार फुगवलेली निघाली. अॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन इथल्या रस्त्यांवरच्या 219 भांडणांचे कॅमेऱ्यातले चित्रण तपासून 2019 मध्ये जे संशोधन प्रसिद्ध झाले, त्यात दहापैकी नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडले होते. मध्ये पडण्याची ओढ माणसात आहे. कोर्टकचेरी, पोलिसांच्या खेपा, उद्याचे वैर यांच्या हिशोबाने ती मागे खेचली जाते.

आपल्या कायद्याला हे हळूहळू उमगले आहे. अपघातग्रस्ताला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलिसांनी अडकवून ठेवू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मार्गदर्शक नियमांना बळ दिले, आणि 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद आली. साक्षीदार व्हायचे की नाही हेही त्याच्या मर्जीवर ठेवले. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याने माहिती असलेल्याला ती पोलिसांना देणे बंधनकारक केले आणि प्रामाणिकपणे खबर देणाऱ्याला संरक्षणही दिले. त्याच कायद्यात, मुलाला काळजी आणि संरक्षणाची गरज दिसली तर चोवीस तासांच्या आत त्याला आसरागृहात किंवा जवळच्या रुग्णालयात नेण्याची व्यवस्था पोलिसांनी करावी, असेही आहे. कायद्याची ही दोन कलमे एकमेकांशेजारी आहेत. गावात मात्र पहिल्याचीच चर्चा होते, आणि पोलीस पाटलाला किंवा शाळेच्या मुख्याध्यापकाला विचारले की रात्री मुलीला ठेवायचे कुठे, तर बहुधा तालुक्याच्या गावाकडे बोट दाखवले जाते. दौंड तालुक्यात हंगामात गुऱ्हाळांवर आणि उसाच्या फडात परमुलखातली माणसे लेकराबाळांसह येतात. त्यांच्या पोरीबाळींची ना गावात शाळा, ना भाऊबंद. अशा पोरीवर मुकादमाने हात टाकलेला शेजारच्या खोपीतल्या बाईने पाहिला, तर तिच्यासमोर उभा राहणारा प्रश्न 1897 च्या गरीबगृहातल्या म्हातारीसमोरचाच आहे. कायदा आता तिच्या बाजूने आहे. टोळीची उचल मात्र अजून मुकादमाच्याच वहीत लिहिलेली असते, आणि ती फिटेपर्यंत त्या बाईला तोच फड, तीच खोप आणि तोच मुकादम.